कूस बदलताना

नोव्हेंबर २०२२मध्ये विक्रम गोखले पुण्यातल्या रुग्णालयात होते, कृत्रिम श्वासावर. एका रात्री ते गेल्याची बातमी पसरली. श्रद्धांजल्या वाहून झाल्या, जुनी छायाचित्रं फिरली, आठवणी निघाल्या. मग त्यांच्या पत्नीला पुढे येऊन सांगावं लागलं, की ते अजून आहेत. २६ तारखेला ते खरोखरच गेले. पण मधल्या त्या दिवसांत एक बाई आपल्या माणसाच्या असण्याची ग्वाही देत उभी होती, आणि बाहेरच्यांनी त्याचं जाणं उरकूनही टाकलं होतं.

‘अनुमती’ पाहिलेल्या माणसाला हे ऐकून चर्र झालं असेल. गजेंद्र अहिरे यांचा हा चित्रपट २०१३ साली आला. निवृत्त शिक्षक रत्नाकर झाले होते गोखले, आणि रुग्णालयात निपचित पडलेली त्यांची बायको, नीना कुळकर्णी. पैसे संपत आलेले, मुलाचे हात टेकलेले, डॉक्टरांनी पुढे केलेला एक कागद. यापुढे श्वास थांबला तर तो परत आणण्याची खटपट करू नये, एवढंच त्या कागदावर. सही रत्नाकरने करायची. ती करायची नाही म्हणून हा म्हातारा पैशांसाठी दारोदार फिरत राहतो. या भूमिकेसाठी गोखल्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘पान सिंग तोमर’मधल्या इरफान खानबरोबर विभागून.

त्या चित्रपटात कुणी दुष्ट नाही. मुलगाही नाही. जन्मभर कुणापुढे हात न पसरलेल्या माणसाला बायकोच्या श्वासांची किंमत रुपयांत मोजावी लागते आणि मोजताना त्याची मान खाली जाते. ती खाली गेलेली मान गोखल्यांनी अशी काही धरली आहे, की पडद्यावरचा संवाद ऐकू येईनासा होतो. एवढा मोठा आवाज लाभलेला नट, आणि त्याने आपलं सगळ्यात मोठं काम मानेने केलं.

तरीही तो चित्रपट पाहताना मी अधूनमधून मागे राहत होते. रत्नाकर रस्त्यावर, एसटीत, ओळखीच्यांच्या उंबऱ्यावर. आणि माझं लक्ष त्या खाटेशी. तिची कूस कुणी बदलली असेल? ओठ कोरडे पडले तर कापसाचा बोळा कोण फिरवत असेल? हे विचारण्याचं कारण पेडण्यात, आमच्या मावशीच्या घरी होतं.

म्हातारपणीच्या प्रेमाच्या सगळ्याच थोर कथा शेवटाकडे ओढ घेतात. ‘अनुमती’च्याच सुमारास, २०१२ साली, मायकेल हानेकेच्या ‘आमूर’ला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पॅरिसमधली दोन वृद्ध संगीतशिक्षक, नवरा-बायको. तिची उजवी बाजू लुळी पडते. मला पुन्हा रुग्णालयात नेऊ नकोस, असं ती त्याच्याकडून वदवून घेते. तो शब्द पाळतो, घराचं दार लावून घेतो आणि अखेर एके दिवशी उशी तिच्या तोंडावर दाबतो. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी जयवंत दळवींनी ‘संध्याछाया’ लिहिलं. दळवींचा जन्म बार्देशातल्या हडफड्याचा, बालपण तेरेखोल नदीपलीकडच्या आरवलीचं. म्हणजे पेडणे त्यांच्या दोन गावांच्या मधोमध. त्यांचे नाना आणि नानी मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसतात आणि शेवटी झोपेच्या गोळ्यांशी येऊन थांबतात. उशी, गोळ्या, सही. कथेला कुठेतरी पोचावं लागतं, हे मला समजतं. पण सेवेला पोचायचं कुठेच नसतं. ती सगळी मधलीच असते. सकाळची पेज झाली की दुपारची, एक कूस झाली की दुसरी. तिच्यात घडत काहीच नाही, म्हणून ती कुणी लिहीत नाही.

मावशी मयेची. डिचोली तालुक्यातलं ते तळ्याकाठचं गाव, हाकेच्या अंतरावर शिरगाव. वैशाखात लईराईचे धोंड निखाऱ्यांवरून चालत जातात ते शिरगाव. तिथून ती लग्न होऊन कोरगावला आली, पेडणे तालुक्यात. काका प्राथमिक शाळेत मास्तर. गोवा मुक्त झाल्यावर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी, वाड्यावाड्यांवर मराठी शाळा काढल्या. त्या शाळांनी जी पिढी शिकवली आणि जी शिकवायला उभी केली, तिच्यातले ते एक. अक्षर मोत्यासारखं. घरात कोकणी, फळ्यावर मराठी, आणि जत्रेतल्या नाटकात पोशाख चढवला की भाषा थेट राजवाड्यातली. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत काका राजे व्हायचे आणि पहाटे चेहऱ्यावरचा रंग न पुसताच घरी येऊन चुलीपुढे चहाला बसायचे. मावशी म्हणायची, “राजा आयलो म्हाराज, लाकडां ना घरांत.”

चतुर्थीनंतर एका सकाळी, माटोळीची सुकलेली फळं सोडवता सोडवता तिचा उजवा हात खाली पडला, आणि मग ती. कोलवाळचा पूल, म्हापसा, मांडवी ओलांडून तिला बांबोळीला गोमेकॉत, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. एकच शब्द शिल्लक राहिला: “बरें.”

भूक लागली, बरें. दुखतंय, बरें. पंखा बंद करा, बरें. राग आला तरी बरें, आणि तो राग इतका खरा, की ऐकणाऱ्याला हसूही येऊ नये. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की असं होतं, आतलं सगळं शाबूत असतं, बाहेर येणाऱ्या वाटा बुजतात आणि एखादाच शब्द कुठूनसा सुटून येत राहतो. काकांनी ते वहीत टिपून घेतलं. पुढे त्यांना त्या एका शब्दाचे चढउतार कळू लागले. चाळीस मुलांच्या वर्गात कुणाचं पोट खरंच दुखतंय हे ओळखलेला माणूस तो.

लोक भेटायला येत. आपल्याकडे दार लावून घ्यायची रीत नाही. ‘आमूर’मधलं ते बंद घर कोरगावात शक्य नाही. ओसरीवर माणसं बसत, कुणी केळी आणी, कुणी देवळातलं तीर्थ. पण संध्याकाळी सगळी आपापल्या घरी जात. रात्र पॅरिसात आणि पेडण्यात सारखीच. रात्री दोनला, चारला उठायचं ते एकट्यानेच.

मी तिथे राहायला जायची तेव्हा ते उठणं ऐकायची. काकांच्या खाटेची करकर, दिवा, पायांतल्या चपला. मग त्यांचा आवाज, अजिबात न कुजबुजता, दुपारी बोलावं तसा: “कूस बदलूया गो. डावीकडची आता उजवीकडे. मी हात घालतंय हां, पाठीखाली.” आणि मगच हात. आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा आणि कंबर एकदम, अंग ओढायचं नाही. कातडी चादरीला घासली की तिथे जखम धरते. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा खाटेला टेकू द्यायच्या नाहीत. माकडहाडावर लाल डाग दिसला की ते बोट दाबून बघत. बोटाखाली लाली क्षणभर मावळली तर ठीक. नाही मावळली, तर जखम आत सुरू झालेली असते. मग त्या कुशीवर दिवसभर झोपवायचं नाही.

हे त्यांना शिकवलं वाड्यावरच्या एका बाईने. तिने आपल्या सासूचं सगळं केलं होतं, नंतर नवऱ्याचं. दारू सोडवता न आलेला नवरा, शेवटी अंथरुणाला खिळला, तेही केलं. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी काजूच्या बागेत जायच्या आधी ती यायची, काकांना एकेक गोष्ट दाखवायची आणि निघून जायची. काका मावशीची वेणी घालतात, तिला न्हाऊ घालतात, हे गावात पसरलं तेव्हा बायका म्हणू लागल्या, माणूस नव्हे, देव आहे. माझ्या आईच्या डोळ्यांत तर पाणी यायचं. मी काकांवर जीव टाकते, तरी हे ऐकलं की मला ती काजूच्या बागेतली बाई आठवते. तिला कुणी देवी म्हटलं नाही. तिने केलं ते तिचं कामच होतं ना! बाईने केली की सेवा हवेसारखी असते, दिसत नाही. पुरुषाने केली की तिच्याकडे बघायला माणसं जमतात. काकांना हे कळत होतं. कुणी फार कौतुक करू लागलं की ते त्या बाईचं नाव घेत आणि म्हणत, मी शिकाऊ आहे.

पेज भरवायला पाऊण तास लागायचा. उकड्या तांदळाची, पण नेहमीसारखी पातळ चालत नाही. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात. पाणी घशात वेगाने उतरतं आणि ठसका लागतो, अन्न फुप्फुसात जायची भीती. म्हणून तांदूळ हाताने कुस्करून पेज घट्ट करायची, तिला नीट बसवायचं, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याची खूण गळ्यावर दिसेपर्यंत थांबायचं, मग पुढचा अर्धा. खारातल्या तोराचं नखाएवढं बोटूक जिभेला लावलं की तिचा चेहरा उजळायचा. आणि इथे मला ते दिसलं, जे ‘अनुमती’ने दाखवलं नाही, ‘आमूर’ने किंचित दाखवून सोडून दिलं. मावशीचं पोट भरलेलं असायचं. ते मला कळायचं, तिच्या ओठांच्या मिटण्यावरून. काका वाटीचा तळ खरवडून शेवटचा चमचा पुढे करत, मोठ्या आशेने. ती एकवार त्यांच्याकडे बघायची आणि तोंड उघडायची. तो चमचा ती स्वतःसाठी खात नव्हती.

आपण म्हणतो, तो तिची सेवा करतो. ती काही करत नाही, पडून असते. मला हे पटेनासं झालं आहे. स्वतःचं उघडं अंग, घाण, लाळ दुसऱ्याच्या हाती सोपवायची, तेही ज्याच्यासमोर आयुष्यभर पदर सावरला त्याच्या हाती, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून चेहरा शांत ठेवायचा. केवढं काम आहे हे! रात्री चारला काका उठले की ती जागीच असायची. पण हाक मारायची नाही. त्यांना तेवढी झोप मिळू दे म्हणून ओल्या चादरीवर पडून राहायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही कुणाला तरी सांभाळायचं असतं.

पौषात धालो आले. मांडावर बायका जमल्या, रात्री गाणी सुरू झाली आणि खिडकीतून घरात येऊ लागली. काका ताटं घासत होते. आतून आवाज आला. आधी त्यांना वाटलं रेडिओ. मावशी गात होती. शब्दांसकट, अडखळत नव्हती; बाहेरच्या ओळीला जोडून पुढची ओळ, तीही इथली नव्हे, मयेची, तिच्या माहेरच्या मांडावरची, चालीत बसेल अशी. बोलण्याच्या वाटा बुजतात, पण गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते, कधी कधी ती राहून जाते. हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. काकांना ठाऊक नव्हतं. ओल्या हातांनी ते दारात उभे राहिले. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, “आणखी म्हणशील गो?” ती म्हणाली, “बरें.”

मुलगा बेंगळूरला. वाईट नाही तोही. मोप विमानतळ झाला तेव्हा म्हणाला, आता आई, मी तासाभरात. विमानं २०२३च्या जानेवारीपासून उतरू लागली, आमच्या माडांवरून जाताना त्यांची पोटं दिसतात. येतो, दोन रात्री राहतो, आईच्या पायांना तेल चोळतो, रडतो, जातो. पेडण्यात आता घरोघरी हेच. किनाऱ्याकडे मोरजी-मांद्र्यात जमिनी विकल्या गेल्या, हॉटेलं उठली. आत डोंगराकडच्या वाड्यांवर दोन-दोन म्हातारी माणसं, एक चालणारं आणि एक निजलेलं. २०११च्या जनगणनेत गोव्यातली ११.२ टक्के माणसं साठी ओलांडलेली निघाली, केरळच्या खालोखाल देशात सगळ्यात जास्त. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाड्यावरचे दिवे आठवले, रात्री दोनला लागणारे.

रत्नाकरचं संकट बिलाचं होतं. ते काकांवर तसं आलं नाही. गोमेकॉ सरकारी, आणि २०१६पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचं छत्र आहे. हे मोठं आहे, आणि ते असायलाच हवं. पण रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रुग्णवाहिका वळली की पुढचं सगळं घराचं. कोण उठणार रात्री, कोण उचलणार, उचलणाऱ्याचीच कंबर गेली तर? शापोरा नदीच्या पलीकडे, बार्देश आणि तिसवाडीत, डॉ. अमित डायस आणि ‘संगाथ’ संस्थेच्या मंडळींनी एक साधी गोष्ट करून पाहिली होती. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी थोडं प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं पाठवायची, त्यांनी रुग्णाजवळच्या माणसाला शिकवायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं. २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सांभाळणाऱ्याच्या मनावरचा ताण कमी झाला होता. काजूच्या बागेतली ती बाई हेच करत होती, कुणी न पाठवता. असं माणूस प्रत्येक आरोग्य केंद्राने प्रत्येक वाड्यावर पाठवावं, असं मला मनापासून वाटतं. पूल आणि विमानतळ बांधू शकणाऱ्या राज्याला हे अशक्य नाही.

२०२४च्या जूनच्या सुरुवातीला काका पेपर वाचत होते. रोज ते तिला सगळा पेपर मोठ्याने वाचून दाखवत, निधनवार्ता वगळून. बातमी अशी होती, की मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपलं वैद्यकीय इच्छापत्र नोंदवलं. पुढे आपण बोलू शकलो नाही आणि बरं होण्याची आशा उरली नाही, तर आपल्याला यंत्रांवर किती काळ ठेवायचं, हे माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. दोन साक्षीदार, आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ही वाट उघडली, २०२३ साली ती सोपी केली, आणि ती प्रत्यक्षात आणणारं पहिलं राज्य गोवा. रत्नाकरच्या हातात असा कागद असता तर त्याला दारोदार फिरावं लागलं नसतं. किंवा फिरायचं की नाही हे त्याला तिच्याच शब्दांत कळलं असतं. म्हणून हा कागद मला मोलाचा वाटतो. माझा मी केला आहे.

पण काकांनी बातमी पूर्ण वाचली. सावकाश, अवघड शब्द सोडवून, वर्गात धडा वाचावा तसा. मी दाराशी होते. वाचून झालं आणि पेपर तसाच दोघांच्या मध्ये धरून त्यांनी विचारलं, “तुका कितें दिसतां गो?”

तिचं उत्तर काय असणार ते आम्हा दोघांना माहीत होतं. एकच शब्द होता तिच्याकडे, आणि या एका प्रश्नाला तो पुरणारा नव्हता. हो म्हणजे काय, नको म्हणजे काय, सगळ्याचा आवाज एकच. ती तो बोलली नाही. डावा हात उचलून तिने पेपरची कड पकडली आणि खाली ओढली, काकांचा चेहरा दिसेपर्यंत. मग बघत राहिली. काकांनी त्याचा अर्थ लावला नाही. मीही लावत नाही. हृदय थांबलं तर काय करायचं, हा प्रश्न त्या घरात त्यानंतर कुणी काढला नाही. पुढच्या वर्षी आषाढात, दुपारची पेज झाल्यावर, घरातच, ते आपलं आपण थांबलं.

रडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की काका दोन-दोन तासांनी उठतच आहेत. दहाव्यापर्यंत, बाराव्यापर्यंत, नंतरही. रिकाम्या खाटेशी जाऊन उभे राहत. माहेरहून मावशीचा भाऊ आला होता. तो म्हणाला, भावजी, आता निजा, सुटलात तुम्ही. काका इतक्या कडवटपणे त्याच्याकडे बघतील असं मला वाटलं नव्हतं. लोक हे किती सहज म्हणतात, ती सुटली, तुम्हीही सुटलात. ज्या हातांना रोज एका अंगाचं वजन पेलायची सवय झाली, ते हात रिकामे झाले की हलके होत नाहीत. सेवा करणाऱ्याचं दुःख दुहेरी असतं: माणूस जातं, आणि दिवस भरून असलेलं कामही जातं. त्याच्यासाठी कोणतं सुतक नाही.

मागच्या महिन्यात वरच्या वाड्यावरची एक बाई बांबोळीहून घरी आली. पक्षाघात, डावी बाजू. तिचा मुलगा कुठल्याशा हॉटेलात कामाला, पंचविशीचा. काजूच्या बागेतली बाई काकांना बोलवायला आली. म्हणाली, मास्तर, चला, मला एकटीला उचलायला होत नाही आता. काकांनी मावशीची हवेची गादी गुंडाळून खांद्यावर घेतली, पंप पिशवीत घातला. मीही गेले मागून.

त्या पोराला आईच्या अंगाला हात लावायचा धीर होत नव्हता. लाजत होता, घाबरत होता. काकांनी आधी त्याला बाजूला उभं केलं आणि एकदा करून दाखवलं. मग म्हणाले, “आता तू. आधी गुडघा. मग खांदा नि कंबर, दोन्ही एकदम.” पोराने हात पुढे केले तसा त्यांनी त्याचा दंड धरला.

“थांब. तिला सांगितलंस?”

“तिका कळना, मास्तर.”

“तू सांग. कुठची कूस, कशाला, हात कुठे घालतोस, सगळं सांग. मग हात लाव.”

पोराने आईकडे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली. काकांनी उशी उचलली आणि तो बोलून होईपर्यंत हातात धरून ठेवली. मग दोन गुडघ्यांच्या मध्ये ती कशी द्यायची ते त्याला दाखवलं.